हान्नाचा हार

आश्विन लागला की भोरच्या बाजारात झेंडूचे ढीग पडतात. आडव्या पोत्यांवर पिवळा आणि नारिंगी, मधूनच तो मखमली तांबडा, आणि सगळ्यावर मिळून तो उग्र, ओलसर वास. सूनबाई म्हणते, "आई, तयार हार मिळतात की आता, बोटं कशाला काळी करून घेता?" तयार हारात फूल कमी आणि दोरा जास्त असतो, असं मी तिला दरवर्षी सांगते आणि दरवर्षी ती हसते. मग मी सुपात फुलं घेऊन, जाड सुई शोधून, दाराशी उन्हात बसते. खरं कारण दोऱ्याचं नाही. झेंडू ओवताना मला एका माणसाची आठवण काढायची असते, आणि ती दुसऱ्याने ओवलेल्या हारावर निघत नाही.

यंदा सुपातली फुलं निम्मी झाली असतील-नसतील, तोवर मोबाईल वाजला. नात, सई, प्रागला नोकरीला आहे. तिने फोटोंची रांगच पाठवली होती. तिकडच्या ज्यू लोकांच्या जुन्या वस्तीत म्हणे मोठा उत्सव चालू होता. रस्त्यात फिडल वाजवणारे म्हातारे, त्यांच्याभोवती गिरक्या घेणारी तरुण पोरं, टोपल्यांत वेणीसारखे गुंफलेले पाव, आणि एका जुन्या प्रार्थनाघरात मांडलेलं प्रदर्शन. काचेच्या कपाटात एक चांदीचा इवलासा बुरूज होता, बोटभर उंचीचा, वर झेंडा लावलेला. खाली सईने लिहिलं होतं, "आजी, ओळख बघू काय आहे?"

मी लिहिलं, "लवंगांची डबी. झेंड्याखालचं झाकण उघडतं. शनिवारी सांजेला हुंगायची असते."

मिनिटभरात तिचा फोनच आला. "आजी! तुला कसं माहीत?"

"मी तसल्या डबीत लवंगा भरल्यात," मी म्हटलं. तिला वाटलं, म्हातारी थट्टा करते आहे. पुढचं मी तिला सांगितलं नाही, कारण फोनवर सांगण्याजोगं ते नव्हतं. ज्या आठवड्यात मी त्या डबीत लवंगा भरल्या, त्याच आठवड्यात मी एका जित्या माणसाच्या फोटोला हार घातला होता.

मी तेव्हा बारा वर्षांची होते. संस्थान विलीन होऊन सहा-सात वर्षं झाली होती. आम्ही उत्रोलीचे, भाताची खाचरं, दोन बैल, एक म्हैस. शाळा भोरात, रोजची पायपीट. आश्विनात त्या वाटेवर दोन्ही बाजूंना आंबेमोहोर पिकत आलेला असायचा आणि त्या वासाने रिकामं पोट आणखीच खवळायचं. बांधाच्या कडेने आईने झेंडू लावलेला असायचा. कामाचं पीक भात, झेंडू नुसता हौसेचा, पण दसऱ्याला अख्ख्या आळीला पुरायचा.

भोरच्या दवाखान्यात तेव्हा इल्साबाई होत्या. संस्थानाला बाई डॉक्टर हवी होती आणि युरोपातून जीव वाचवून आलेल्या या बाईला छप्पर हवं होतं, असा तो योग लढाई सुरू व्हायच्या सुमाराला जुळून आलेला. त्या चेकोस्लोव्हाकियातल्या, धर्माने ज्यू. त्यांच्या गावाचं नाव मला आजही नीट उच्चारता येत नाही. संस्थान गेलं, राजाचा दवाखाना सरकारी झाला, पण बाई तिथेच राहिल्या. उंच, हडकुळ्या, गुडघ्याच्या खाली पोचणारा फ्रॉक, पायात पुरुषी बूट, केस कानापाशी कापलेले. गंमत म्हणजे त्यांचं मराठी. ते त्या पुस्तकातून शिकलेल्याच नव्हत्या. वेल्ह्याकडून बाजेवर घालून आणलेल्या बाळंतिणी, मार्गासनीहून बैलगाडीने आलेल्या म्हाताऱ्या, डोंगरावरच्या धनगरणी यांच्याकडून त्या शिकल्या. त्यामुळे गोरीपान बाई तोंड उघडायची आणि आतून गुंजवण्याची म्हातारी बोलायची. "काय गं पोरी, कवापासनं दुकतंय? जीब काड. लई चिचा खाल्ल्यास व्हय?" आमचे हेडमास्तर अगदी शुद्ध बोलायचे. ते बाईंशी बोलताना दोघांपैकी परदेशी कोण, असा प्रश्न पडायचा.

आमच्या घरी त्या काकूमुळे यायच्या. काकू म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांची बायको, सोनाबाई. काका फौजेत होते, लढाईत इटलीला गेले. एक दिवस सरकारी कागद आला की बेपत्ता आहेत. वर्षाने दुसरा आला, की मृत समजावं. समजावं, एवढंच. कुठे पडले, कुणी पाहिलं, काही नाही. त्या दुसऱ्या कागदानंतर आजोबांनी ट्रंकेतून काकांचा गणवेशातला फोटो काढला, भिंतीला खिळा ठोकला आणि फोटोला हार घातला. काकूचं कुंकू त्याच दिवशी गेलं. तेव्हा ती चोवीस वर्षांची होती.

आमच्याकडे तेव्हा असंच होतं. फोटो म्हणजे आजच्यासारखी ऊठसूट काढायची गोष्ट नव्हती. जित्या माणसाचा फोटो भिंतीला लावत नसत, त्याचं आयुष्य कमी होतं म्हणत. भिंतीवर असायचे ते देव, नाहीतर गेलेले. आणि गेलेल्याला हार असायचाच. दसऱ्याला तो बदलायचा. हार नसलेला फोटो म्हणजे पोरकं झालेलं माणूस, त्याला विचारणारं घरात कुणी उरलेलं नाही, असं मी लहानपणापासून ऐकत आले होते. हे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढे मी जे केलं ते यातून केलं.

काकूला छातीत धडधडण्याचा त्रास होता. बाई पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा भिंतीकडे बघून म्हणाल्या, "ह्यो कोन?"

"आमचं मालक," काकू म्हणाली. "लडाईत गेलं."

बाईंनी काकूची नाडी धरलेलीच होती. ती न सोडता म्हणाल्या, "माजीबी समदी लडाईत गेली."

मी उंबऱ्यावर बसून ते ऐकलं. त्या 'समदी'तून एक माणूस बाजूला ठेवलेलं होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं.

त्या वर्षी हेडमास्तरांच्या मनात आलं की नवरात्रात शाळेत 'देशोदेशीचे सण' असं प्रदर्शन भरवावं. जपानच्या बाहुल्या पुठ्ठ्याच्या झाल्या, इराणचा नौरोज एका पारशी वकिलांकडून मागून आणलेल्या चांदीच्या तबकावर भागला. मग ते बाईंकडे गेले. बाई आधी नाही म्हणाल्या. "माज्याकडं काय हाय मास्तर? येक ट्रंक हाय." पण दोन दिवसांनी तीच ट्रंक हातगाडीवरून शाळेत आली.

ती उघडली तेव्हा आम्ही चार-पाच मुली तिथे होतो. त्या वासाची मला अजून आठवण आहे; डांबरगोळ्या, जुना कागद, आणि कुठूनतरी बारीकसा लवंगेचा. बाईंच्या आईने भरलेलं पांढऱ्यावर पांढऱ्या दोऱ्याचं टेबलक्लॉथ. दोन पितळी दिवे, मेणबत्तीचे, शुक्रवारी सांजेला घरातल्या बाईने लावायचे. वडिलांचं प्रार्थनेचं पुस्तक, जे उजवीकडून सुरू होतं. हेडमास्तरांनी ते तीनदा उलटंसुलटं करून पाहिलं. आणि तो चांदीचा बुरूज.

"शनवारी आमची सुट्टी सपती," बाई म्हणाल्या. "सुट्टी सपली की जीव उदास हुतो. मंग समद्यांनी ह्याचा वास घ्याचा. जिवाला धीर येतो."

डबीतल्या जुन्या लवंगांचा भुगा झाला होता. मी धावत दुकानातून पुडी आणली आणि एकेक लवंग आत टाकली. बाईंनी डबी माझ्या नाकाशी धरली. मला हसू आलं. वास आमच्या मसालाभाताचा होता! तर या लोकांच्या घरी देवाच्या कामाला आमच्याकडची लवंग जात होती, आणि आमच्याकडे कुणाला पत्ता नव्हता. बाईही हसल्या. नाडी धरताना नाही, इंजेक्शन देताना नाही. बाईंना मोकळं हसताना मी तोवर पाहिलेलं नव्हतं.

पुढचे चार दिवस त्या निराळ्याच होत्या. दवाखाना आटोपला की शाळेत यायच्या, आम्हाला गाणी म्हणून दाखवायच्या, घसा बसका, सूर भलतीकडेच. बेकरीवाल्याच्या भट्टीपाशी उभं राहून त्यांनी पाव करवून घेतले, कणकेची तीन पेडांची वेणी घालून. बेकरीवाल्याने वेणी कधी घातलेली नव्हती, म्हणून त्याच्या बायकोला बोलावलं, आणि तिने अशी घट्ट वेणी घातली की बाई म्हणाल्या, माझ्या आईलाही इतकी जमली नसती. आपलं म्हणून काही दाखवायला मिळतंय, कुणीतरी ते हुंगतंय, खातंय, विचारतंय, याचं सुख काय असतं ते मला त्या वयात समजलं नाही. आता समजतं.

फोटो त्यांनी स्वतः लावले होते, काळ्या कापडाच्या फळ्यावर. नऊ फोटो. दाढीवाले वडील, लेसच्या कॉलरची आई, दोन भाऊ, आजी, मामा असे कोण कोण. आणि सगळ्यांत खाली एक तरुण मुलगी, पुलाच्या कठड्याला टेकून उभी, ऊन डोळ्यांवर आल्यामुळे अर्धे डोळे मिटून हसणारी. तिच्या डाव्या भुवईत एक वण होता, भुवईचे दोन तुकडे करणारा.

नवमीच्या सकाळी सजावट आमच्याकडे होती. मी घरून पाटीभर झेंडू आणला होता. दाराला तोरण झालं, सरस्वतीच्या तसबिरीला हार झाला, तरी फुलं उरली. मी त्या काळ्या फळ्याकडे पाहिलं. नऊ माणसं, परमुलखात, एकालाही हार नाही. मला भडभडून आलं. बाईंना ओवायला कुठून येणार, त्यांच्या घरी हार घालायला आहे कोण, असं वाटलं. मी तासभर बसून नऊ हार ओवले, स्टुलावर चढून एकेक घातला. भुवईत वण असलेल्या मुलीचा सगळ्यांत शेवटी, आणि ती हसत होती म्हणून तिच्या हारात मध्ये एक मखमली फूलही घातलं. मग खाली उतरून लांबून पाहिलं. माझ्या मनासारखं झालं होतं.

दुपारी हॉल भरला. उत्रोलीच्या बायका आल्या, काकूही आली. बाई टोपलीत पाव घेऊन आल्या, गळ्याला आईची ती लेसची कॉलर लावून. "ह्यो घ्या, वेणीचा पाव, खाऊन तर बगा," असं म्हणत, प्रत्येकीच्या हातावर तुकडा ठेवत त्या पुढे पुढे येत होत्या. फळ्यापाशी पोचल्या आणि थांबल्या.

पंधरा वर्षं त्या आमच्या घराघरांत जात होत्या. हार घातलेला फोटो म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"ह्ये कुनी केलं?"

मी पुढे झाले. शाबासकी मिळणार म्हणून पुढे झाले, हेच मला आजवर पचलेलं नाही. "मी केलं, बाई."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही. टोपली खाली ठेवली. मग त्या खालच्या फोटोकडे बोट करून म्हणाल्या, "ही जित्ती हाय."

हॉलमध्ये कुणाला काही कळेना. बाई भिंतीला सांगावं तसं बोलत होत्या. "ही हान्ना. माजी धाकटी भन. बाकीच्यांचं कागद आलं. हिचा कागद आला न्हाई. न्हाई आला म्हंजी ती हाय. हिच्या पत्त्यासाटी मी धा वर्सं पत्रं टाकती. आन उद्या..."

उद्या काय, ते नंतर कळलं. आमची दशमी आणि त्यांची दशमी त्या वर्षी एकाच दिवशी आली होती. त्यांच्यात तो मोठ्या उपासाचा दिवस. त्या दिवशी म्हणे वर देव एक वही मिटतो. वर्षात कोण राहणार, कोण जाणार ते तिच्यात लिहून झालेलं असतं. बाई देवाधर्माच्या नव्हत्या. त्याच म्हणाल्या होत्या की देवाशी माझं बोलणं नाही. पण त्या घाबरल्या होत्या. त्या हात वर नेत होत्या आणि ते हारापर्यंत पोचत नव्हते.

हेडमास्तर म्हणाले, "अहो, मुलीने आदराने केलं आहे."

तेव्हा काकू उठली. चारचौघांत न बोलणारी, देवळातसुद्धा खांबाआड उभी राहणारी माझी काकू. ती सरळ फळ्यापाशी गेली, डोईवरचा पदर सावरला आणि हान्नाच्या फोटोवरचा हार काढला. झेंडूच्या दोन पाकळ्या काचेला चिकटून राहिल्या, त्या तिने पदराने पुसल्या.

"माज्या येळंला म्या काडला न्हाई," ती बाईंना म्हणाली. "मामंजींनी घातला, म्या गप बसले. कागदावर समजावं म्हनून लिवलं हुतं, समद्यांनी समजून घेतलं. मला कुनी इच्यारलं न्हाई. अजून वाटतंय बाई, त्यो हार घातला नसता तर आलं असतं." मग बायकांकडे वळून म्हणाली, "ही पोर हाय. दिसतीया नव्हं? हाय ती."

बाईंनी मला जवळ ओढलं. मला वाटलं आता मारणार. त्यांनी माझी हनुवटी धरून माझं तोंड त्या फोटोकडे केलं. "नीट बगून ठेव. ह्यी भुवई हाय नव्हं? बर्फावर पडली तवाची. कुटं दिसली तर मला सांगाचं."

त्या दिवसापासून मी बघायला लागले. आज हसू येतं, पण तेव्हा भोरच्या स्टँडवर पुण्याची यष्टी आली की मी दप्तर घेऊन उभी राहायची. उतरणाऱ्या प्रत्येक बाईच्या डाव्या भुवईकडे बघायची. मोहरीची पुडकी घेऊन उतरणाऱ्या म्हाताऱ्या, माहेरवाशिणी, एकदा एक मिशनरी मड्डम. तिच्या मागे मी नीरेच्या पुलापर्यंत गेले, तेव्हा तिने वळून मला बिस्किट दिलं. भुवया दोन्ही शाबूत होत्या. चेकोस्लोव्हाकियाहून कुणी पुण्याच्या यष्टीने भोरला कसं येईल, असा प्रश्न मला पडला नाही. बाई पंधरा वर्षांपूर्वी तशाच आल्या होत्या ना?

दर पंधरा दिवसांनी मी दवाखान्याच्या खिडकीशी जायची आणि बाई आतूनच विचारायच्या, "दिसली व्हय?" मी मान हलवायची. "दिसंल," त्या म्हणायच्या आणि पुढच्या बाळंतिणीचं पोट तपासायला वळायच्या. मी हार घातला म्हणून हान्ना मेली तर, या भीतीने मला ताप भरायचा. आईला वाटायचं, सातवीच्या फायनल परीक्षेची धास्ती. परीक्षा झाली, मी पासही झाले, भीती होती तिथेच राहिली. लहान मुलाच्या मनात किती मोठा धोंडा मावतो, हे घरातल्या मोठ्यांना कळत नाही. मी कुणाला सांगितलंही नाही. एकदा फक्त काकूला विचारलं, "काकू, हारानं माणूस मरतं?" ती तांदूळ निवडत होती. हातातला खडा सुपाबाहेर टाकून म्हणाली, "मानूस न्हाई मरत गं. वाट बगनं मरतं."

तिसऱ्या वर्षीचा झेंडू. पावसाने ओढ दिली होती तरी फूल चांगलं आलं होतं. काकू आणि मी बांधावर पाटी घेऊन खुडत होतो. दुपारचं ऊन होतं, भात पिवळं पडायला लागलं होतं. वाटेने बाई चालत येताना दिसल्या, पायी, एकट्या, डोक्यावर टोपीही नव्हती. त्या बांधावर आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक लांबट लिफाफा दिसला. हरवलेल्या माणसांचा पत्ता काढणाऱ्या परदेशातल्या कुठल्याशा कचेरीचा तो होता.

"सोनाबाय," त्या म्हणाल्या, "कागद आला."

काकूने हातातली फुलं पाटीत टाकली. मला म्हणाली, "पाटी घे," आणि आम्ही तिघी भोरकडे निघालो.

दवाखान्याच्या मागे बाईंची खोली होती. त्यांनी बूट काढले आणि फरशीवर बसल्या. "आमच्यात सात दिस भुईवर बसत्यात," त्या म्हणाल्या. "पर बातमी उशिरा आली तर येकच तास."

"आमच्यातबी तसंच हाय," काकू म्हणाली. "लांबचं उशिरा कळलं की नुसती आंगूळ कराची आन मोकळं व्हायाचं."

"येका तासात काय हुतं, सोनाबाय?"

"कायबी हुत न्हाई, बाई. पर बसू."

बाईंनी गजराचं घड्याळ लावून पुढ्यात ठेवलं आणि काकू त्यांच्या शेजारी बसली. मी दाराशी, पाटी मांडीवर घेऊन. कागदावर एका आगगाडीचा नंबर होता, एका छळछावणीचं नाव होतं आणि एक तारीख. लढाई संपायच्या कितीतरी आधीची तारीख. बाई भोरात बसून पहिलं पत्र लिहीत होत्या तेव्हा हान्ना नव्हती. मी स्टुलावर चढून मखमली फुलाचा हार घातला तेव्हा तिला जाऊन बारा वर्षं झाली होती. मी यष्टीच्या दाराशी उभी राहून भुवया बघत होते, ती दोन वर्षं तर कुठल्याच मोजणीत नव्हती.

म्हणजे माझं चुकलं नव्हतं. दोन वर्षं मी देवाजवळ मागत होते की माझं चुकलेलं असू दे, आणि ते बरोबर निघालं. मला त्या पाटीतल्या फुलांत तोंड खुपसून ओरडावंसं वाटलं.

बाई रडल्या नाहीत. त्या त्यांच्या भाषेत अगदी हळू काहीतरी बोलत होत्या, लहान मुलाशी बोलावं तसं. रडली ती काकू. आधी नुसती हुंदके देत होती, मग तिने टाहो फोडला, "आगं हान्ने, कुटं गेलीस गं," आणि त्यातच मध्ये, "शिरपती! माज्या शिरपती रं!" काकांचं नाव मी तिच्या तोंडून त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. नवऱ्याचं नाव बायको घेत नसे, जित्याचंही नाही आणि गेलेल्याचंही नाही. आजोबांनी हार घातला त्या दिवशी ती रडली नव्हती, आई सांगायची. इतकी वर्षं तिने ते तसंच ठेवलं होतं, येतील म्हणून. बाईंनी तिचा हात धरला, सवयीने बोटं नाडीवरच गेली.

गजर झाला. तो कुणी बंद केला नाही. वाजून वाजून चावी उतरली आणि आपसूक थांबला, तरी दोघी उठल्या नाहीत.

ऊन खिडकीतून उतरून फरशीवर आलं तेव्हा बाई मला म्हणाल्या, "पोरी, फुलं हायेत नव्हं? हार कर."

मी म्हटलं, "नको बाई."

"तवा तू इच्यारलं नव्हतंस. आज म्या सांगते, कर."

"तुमच्यात फुलं घालत्यात व्हय?" काकूने विचारलं.

"न्हाई घालत," बाई म्हणाल्या. "पर हितं म्या तुमच्यात हाय. तिला दुसरीकडं कोन घालनार?"

काकूने सुईत दोरा ओवून दिला. मी फुलं घातली, एकेक, नाकाडोळ्यांतून पाणी गळत होतं ते बाहीने पुसत. पाटीत मखमली फूल शोधलं, ते त्या वर्षी आलं नव्हतं. हान्नाचा फोटो खाटेशेजारच्या स्टुलावर होता. मी हार घातला तो जरा आखूड झाला आणि चेहऱ्यावर आला. बाईंनी पुढे होऊन बोटाने तो खाली सरकवला, भुवई दिसेल एवढा. मग काकूला म्हणाल्या, "आता चा कर, सोनाबाय. पोरीला भूक लागली आसंल."

बाई आणखी दोन-तीन वर्षं भोरात होत्या. मग त्यांच्या नातलगांतलं लांबचं कुणीतरी इंग्लंडात सापडलं आणि त्या गेल्या, ती ट्रंक घेऊन. निघताना त्यांनी डबी काकूच्या हातावर ठेवली, काकूने ती हुंगली आणि परत त्यांच्याच पर्समध्ये घातली. म्हणाली, "तितं धीर लागंल तुमाला." दोन पत्रं आली, रोमन अक्षरांत लिहिलेलं वेल्ह्याचं मराठी, मी मोठ्याने वाचून दाखवलं. मग पत्रं थांबली. काकू जाऊनही आता चाळीस वर्षं होतील. तिचा आणि काकांचा फोटो एकाच चौकटीत करून घेतला आहे. हार एकच लागतो.

हार होत आला तेव्हा सईचे फोटो मी पुन्हा बघत बसले. तिच्या प्रदर्शनातली एक भिंत नुसत्या चेहऱ्यांची आहे, खालपासून वरपर्यंत, शेकड्यांनी. लग्नातले, शाळेतले, सहलीचे, बर्फातले. त्यांच्यासमोर लोक हातात कॉफी घेऊन उभे आहेत, मागे कुठेतरी फिडल वाजत असेल. वाईट नाही वाटलं मला. ज्यांना कुणी हार घालायला उरलं नव्हतं, त्यांच्यासमोर निदान माणसं उभी तरी आहेत. इल्साबाईंनी पितळी दिवे पुसून ठेवले होते तेव्हा त्यांना हेच हवं असणार. पण माझी बोटं ऐकेनात. मी एकेक चेहरा दोन बोटांनी मोठा करून बघत होते. फोटो फार मोठा केला की चेहऱ्याचे नुसते ठिपके होतात.

मला माहीत आहे. कागद मी डोळ्यांनी पाहिला आहे, हार मी हातांनी घातला आहे. तरी मी सईला फोन लावला.

"सई, त्या भिंतीपाशी पुन्हा जाशील? पुलाच्या कठड्याला टेकून एक मुलगी उभी आहे का बघ. हसताना डोळे अर्धे मिटतात. डाव्या भुवईत वण आहे."

"कोण आहे ती, आजी?"

मांडीवर हार तसाच पडला होता, शेवटची गाठ मारायची राहिली होती.

"सांगते गं," मी म्हटलं. "तू आधी नीट बघ."